पन्नास-साठ वर्षांचा ऑफिस टॉवर दुरुस्तीला घेताना

पहिल्या मीटिंगला मालक हमखास एक चित्र घेऊन येतात. निळी काच, खाली शोभेची झाडं, संध्याकाळचे दिवे. इमारत मात्र १९६०-७० च्या सुमाराची असते. आरसीसीचा सांगाडा, लोखंडी खिडक्या, मोझॅकची फरशी, छज्ज्यांवर बसवलेले एसी आणि जिन्याच्या कोपऱ्यात रचलेल्या जुन्या फायली. चित्राला हो म्हणा, घडी घालून फायलीत ठेवा आणि निदान तीन महिने बाहेर काढू नका. काचेची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी पाणी, सळई, वजन आणि आग.

अशा कामावर पहिल्यांदाच उतरलेल्या आर्किटेक्ट आणि सिव्हिल इंजिनिअरसाठी हे लिहितोय. कंपनीच्या अ‍ॅडमिन खात्यात बसून ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय, त्यालाही उपयोग होईल. उदाहरणं दक्षिण मुंबईची आहेत, कारण माझे हात तिथेच काळे झाले. समुद्र भरून काढलेल्या नरिमन पॉइंटवरचे टॉवर आता पन्नाशीला आलेत. १९७४ ची, २३ मजल्यांची एअर इंडियाची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. म्हणजे या इमारती पाडण्याऐवजी वापरायच्या, हा विचार आता सरकारी पातळीवरही आहे. कामं येत राहणार.

१. कागद गोळा करा, पण त्यांच्यावर विसंबू नका

मूळ नकाशे मालकाच्या कपाटात असतील, महापालिकेत असतील किंवा कुठेच नसतील. मिळाले तर तीन गोष्टी लगेच बघा.

पहिली, मापं. पन्नाशीच्या दशकातले नकाशे फूट-इंचात असतात. मेट्रिक पद्धत रुळेपर्यंत एकाच संचात दोन्ही मापं सापडतात. दुसरी, काँक्रीटचा दर्जा. नकाशावर एम १५० दिसलं की नवा मुलगा खूश होतो. तो आकडा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहे. आजच्या भाषेत ते साधं एम १५, म्हणजे ज्याला गवंडी ‘एक-दोन-चार’ म्हणतो ते. तिसरी, सळई. त्या काळात गुळगुळीत माइल्ड स्टील वापरायचे, साठीच्या दशकाच्या अखेरीपासून पीळ दिलेली टॉर सळई आली. टॉर दिसली की सावध व्हा. पीळ देताना तिच्यात जो ताण राहतो, त्याने ती खाऱ्या हवेत लवकर गंजते.

भूकंपाचा विचार त्या नकाशांत किती, हे साल बघून कळतं. भूकंपाचं भारतीय मानक, ज्याचा क्रमांक १८९३ (तो साल नव्हे), पहिल्यांदा १९६२ मध्ये आलं. १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० च्या आवृत्तीत भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांधण्याचे, हूक आत वळवण्याचे आजचे नियम ज्यात आहेत ते १३९२० हे मानक तर १९९३ चं. त्यामुळे तुमच्या इमारतीच्या कॉलममध्ये रिंगा लांब-लांब असणार हे गृहीतच धरा. तळमजल्याला भिंती नसतील, नुसती उंच मोकळी लॉबी असेल, तर ती गोष्ट वहीत लाल शाईने लिहा. वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा लवचीक असला की भूकंपात सगळा मार तळमजल्याच्या कॉलमवर येतो.

मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतीला महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. तेव्हा एखादा अहवाल असेलच. तो वाचा, पण त्यातले फोटो आधी बघा. एकाच बीमचे सहा फोटो असतील, तर ऑडिटवाले बाकीच्या मजल्यांवर गेलेच नव्हते.

२. पाण्याच्या मागे चाला

शक्य असेल तर पाहणी जुलैत करा. गच्चीपासून तळघरापर्यंत, पाणी जसं उतरतं तसं उतरायचं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर असतो. कोब्यावर कोबा चढवलेला असतो, त्यावर केमिकल आणि त्यावर पत्र्याची शेड. प्रत्येक थर हा एका फसलेल्या पावसाळ्याचा पुरावा आहे. भिंतीला लागून असलेला वाटा (गच्ची आणि भिंतीच्या सांध्यातला गोलसर गिलावा) फुटलाय का, आणि पाइपच्या तोंडाशी पाणी साचतं का, ते बघा.

मग संडास-बाथरूमच्या उभ्या रांगेखालचे स्लॅब. ऑफिसच्या इमारतीत सगळ्यात जास्त खाल्लेलं काँक्रीट तिथेच सापडतं, कारण खोलगट स्लॅबमधल्या भरावात पाणी वर्षानुवर्षं मुरत राहतं. खालच्या मजल्यावर फॉल्स सीलिंग असल्याने ते कुणाच्या नजरेला पडत नाही. सीलिंगची फळी काढा, टॉर्च मारा, हातोडीने हलकेच ठोका. चांगलं काँक्रीट खणखणीत बोलतं, सुटलेलं बद्द वाजतं. ही परीक्षा फुकट आहे. बाकीच्या सगळ्या चाचण्या कुठे करायच्या ते हीच ठरवते.

तळघरात पाणी असेल तर त्याचा नमुना लॅबला पाठवून क्लोराइड मोजून घ्या. खारं निघालं तर समुद्राचं, उधाणाच्या भरतीला त्याची पातळी वाढते का ते दोन-तीन वेळा जाऊन बघा. गोडं निघालं तर टाकी किंवा लाइन फुटलीय. एका इमारतीत दोन वर्षं ‘समुद्राचं पाणी’ म्हणून पंप चालवत होते. शेवटी निघाली फायरची टाकी गळकी.

आणि लिफ्टमनशी, जुन्या प्लंबरशी बोला. कुठल्या साली कुठली भिंत काढली, कुठल्या साहेबांनी तिजोरी कुठे बसवली, हे नकाशात नसतं. चहा पाजायला विसरू नका.

३. उघडून बघा, मग मोजा

रिबाउंड हॅमरवर, म्हणजे पृष्ठभागावर आपटून काँक्रीटचा कडकपणा सांगणाऱ्या उपकरणावर, भाळू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा पृष्ठभाग जुना होता होता कडक बनतो, त्यामुळे हॅमर खोटा मोठा आकडा देतो. पन्नास वर्षांच्या कॉलमवर तो ‘उत्तम’ म्हणाला, तर ते वय बोलतंय असं समजा. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर आला तर ठीक, ३ च्या खाली गेला तर संशय. खात्री मात्र कोअर (ड्रिलने काढलेला काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा) काढल्यावरच. कोअरच्या जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरने, सळई शोधून, स्वतः खुणा करून द्यायच्या. मुकादमाला सोपं पडेल तिथे ड्रिल लावायला देऊ नका.

कोअर निघाला की लगेच त्यावर फिनॉल्फ्थेलिनचा फवारा मारा. गुलाबी झालं तिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे आणि सळईला कवच आहे. रंग आला नाही तो भाग कवच गमावून बसला. आता बिनरंगाचा पट्टा किती खोल गेलाय ते पट्टीने मोजा आणि सळईवरच्या कव्हरशी, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या जाडीशी, ताडून बघा. कव्हर २५ मिलिमीटर आणि पट्टा १५ चा असेल तर वेळ आहे. पट्टा ३० चा असेल तर सळई उघड्यावर आहे, बाहेरून रंग कितीही छान असो. अख्ख्या कामात मला सगळ्यात आवडणारी चाचणी हीच. मालकाला शेजारी उभं करून करा, दहा पानी अहवालापेक्षा लवकर पटते.

समुद्राजवळ याने भागत नाही. काँक्रीट गुलाबी असूनही आत मीठ शिरलेलं असू शकतं, आणि मीठ असेल तर गंज कवचाची पर्वा करत नाही. म्हणून वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून क्लोराइड तपासा. जोडीला सळईचा विद्युतदाब मोजणारी हाफ-सेलची चाचणी. कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के धरतात.

४. वजनाची वही

हे काम सहसा कुणी करत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

दोनशे पानी एक वही घ्या (एक्सेल चालेल, पण साइटवर वही बरी). प्रत्येक मजल्याला दोन पानं. डावीकडे काय काढलं, उजवीकडे काय चढवलं. दोन्हीकडे किलोत.

जुनी मोझॅक फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून ७५ मिलिमीटर भरला, तर चौरस मीटरला साधारण १५० किलो. ५०० चौरस मीटरच्या मजल्यावर ते ७५ टन होतात. साडेचार इंची विटेची भिंत, दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट, तीन मीटर उंच असेल तर लांबीच्या प्रत्येक मीटरला आठशे किलोंच्या आसपास. तिच्या जागी जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आलं की तेवढ्याच लांबीला शे-सव्वाशे किलो. गच्चीवरचा जादा कोबा चार-पाच इंचांचा निघाला, तर चौरस मीटरला दोनशे किलो उतरले. हे सगळं डावीकडे.

उजवीकडे बघा. यूपीएसच्या बॅटऱ्या, सर्व्हर, गच्चीवरचे एसीचे बाहेरचे युनिट, फायरची नवी टाकी. मीटरभर पाणी म्हणजे चौरस मीटरला थेट एक टन. आणि सगळ्यात फसवं म्हणजे रुळांवर सरकणारे फायलींचे कॉम्पॅक्टर. कार्यालयाचा स्लॅब फायलींची वेगळी खोली असेल तर चौरस मीटरला साधारण २५० किलो, नसेल तर ४०० किलो जिवंत भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून मोजतात. कॉम्पॅक्टर भरला की तो याच्या कितीतरी पुढे जातो. इंटिरियरवाला तो नेमका स्लॅबच्या मधोमध ठेवतो, कारण तिथे उजेड नसतो.

उजवी बाजू डावीच्या आत ठेवता आली, तर पायाला हात लावावा लागण्याची शक्यता खूप कमी होते. मुंबईत जुन्या पायाला हात लावणं म्हणजे काय, ते शेजारच्या इमारतीच्या वकिलाला विचारा. आधी उतरवायचं आणि मग चढवायचं, हा क्रमही वहीतच लिहा. गच्चीवर जुना कोबा असताना नवी टाकी भरलेली मी पाहिलीय. खालच्या मजल्यावर दाराच्या चौकटी अडकायला लागल्या तेव्हा लोकांना जाग आली.

५. विषारी सामान

थोडक्यात. पावसाच्या पाण्याचे करडे पाइप, जुन्या एसीच्या डक्टवरचं आणि बॉयलरवरचं आवरण यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तोडण्याआधी नमुना तपासून घ्या. पाइप फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन आहे का, ते तपासल्याशिवाय तेल कुणाच्याही ड्रममध्ये ओतू देऊ नका. भंगारवाला प्रेमाने मागेल.

६. काँक्रीटची दुरुस्ती

टेकू लावल्याशिवाय बीमला छिन्नी लागता कामा नये, आणि टेकू एका मजल्यावर थांबत नाहीत. वरच्या टेकूचं वजन खालच्या स्लॅबने घ्यायचं, म्हणजे त्याखालीही टेकू. किती मजले, ते इंजिनिअर लिहून देईल. ‘साहेब, एक मजला बस्स’ या वाक्याला उत्तर देऊ नका.

नवखा माणूस जिथे हमखास चुकतो ती गोष्ट पॅचची. फुगलेलं काँक्रीट काढलं, दिसणारी सळई घासली, पॉलिमर मॉर्टर थापला, फोटो काढला. दोन-तीन वर्षांत त्या पॅचच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, नवी फट उमटते. नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित झाल्यावर शेजारची, मिठात बुडालेली सळई आता गंजण्याचं काम एकटीच करते. म्हणून सळईच्या मागेही बोट जाईल इतकं काँक्रीट खोदायचं आणि गंज संपल्यावरही पुढे थोडं जायचं. मीठ फार असेल तर पॅचच्या कडेला जस्ताचे अ‍ॅनोड बांधायचे, सळईऐवजी जस्त झिजतं. खर्च वाढतो. मालकाला फिनॉल्फ्थेलिनची आठवण करून द्या.

कॉलमला जॅकेट, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण, घालायचं ठरलं तर जाडी आधी विचारा. प्रत्येक बाजूने १०० मिलिमीटर वाढले की ३०० चा कॉलम ५०० चा होतो, आणि पार्किंगमधली गाडी किंवा जिन्यासमोरची वाट अडते. जॅकेटच्या सळया स्लॅब भेदून खाली पायापर्यंत गेल्या पाहिजेत. स्लॅबखाली येऊन थांबणारं जॅकेट म्हणजे कॉलमला घातलेला स्वेटर.

निविदेतल्या दुरुस्तीच्या मापांवर कुणीही छातीवर हात ठेवून बोलू शकत नाही. गिलावा काढल्यावर काम वाढतंच. मी वीस-पंचवीस टक्के रक्कम बाजूला ठेवायला सांगतो. मालक दहावर येतात आणि पुढच्या वर्षी पंचवीसवर पोचतात.

७. आग

२१ जून २०१२ ला मंत्रालयात चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले खाऊन गेली. माणसं गेली. १९५५ ची ती इमारत नंतर आतून नव्याने बांधून काढावी लागली. आत लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग आणि कागद असलेलं कुठलंही जुनं कार्यालय त्याच जातीचं.

आधी शाफ्ट बघा. केबलसाठी पाडलेली भोकं मजल्यामजल्यावर उघडी असतात, आणि धूर त्यांतून चिमणीसारखा वर चढतो. ती आगरोधक सामानाने बुजवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. मग जिने. राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयांना दीड मीटर रुंद जिना लागतो, जुना त्याहून अरुंद निघतो. जिना रुंद होत नसेल तर बाहेरून दुसरा, स्प्रिंकलर, जिन्यात हवेचा दाब, धूर अडवणारी दारं, यांतलं काय चालेल ते अग्निशमन दलाशी नकाशे पक्के होण्याआधी बोला. नंतर बोललात तर सगळं पुन्हा काढाल.

वायरिंग अर्धवट बदलू नका. किटकॅट फ्यूज, रबरी आवरणाच्या वायरी आणि त्यांना जोडलेला नवा एमसीबी, असं त्रिकूट बऱ्याच जागी सापडतं. सगळं काढा. पुढे दर जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं ‘फॉर्म ब’ प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा पंप आणि व्हॉल्व्हपाशी माणूस पोचेल अशी जागा आत्ताच ठेवा.

८. एसी आणि उंची

जुन्या मजल्याची उंची अकरा-बारा फूट असते, त्यातून दोन फुटी बीम वजा करा. मोठे डक्ट बसत नाहीत. मग कुणीतरी सुचवतो की बीमला भोक पाडू. एका साइटवर रात्रपाळीच्या लोकांनी न विचारता पाडलं, कॉलमजवळ, खालच्या सळया कापून. सकाळी आम्ही मजला रिकामा केला. तेव्हापासून माझ्या कामात कोअर ड्रिलची चावी इंजिनिअरकडे असते. पातळ तांब्याच्या पाइपांवर चालणारी व्हीआरएफ पद्धत अशा इमारतींना बरी बसते. बाहेरचे युनिट छज्ज्यावर नकोत. छज्जा ऊन-पाऊस अडवायला बांधलाय, त्याची सळई वरच्या बाजूला असते आणि सगळ्यात आधी तीच गंजते.

९. आता ते चित्र काढा

न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरचं लीव्हर हाउस १९५२ चं, काचेच्या पडद्याच्या ऑफिस टॉवरांमधलं आद्य. त्याच्या उभ्या पट्ट्यांमागे पाणी शिरलं, आतलं साधं पोलाद गंजलं आणि फुगलं, काचा तडकत गेल्या. मूळ काच फारशी उरलीच नाही. १९८२ पासून इमारत संरक्षित, त्यामुळे पुढे पडदा बदलताना रूप तेच राखलं आणि आतली लोखंडी चौकट न गंजणारी केली. आपल्या बीममधल्या सळईची गोष्ट हीच आहे, फक्त काचेच्या मागे घडलेली.

मुंबईच्या जुन्या इमारतीचा दर्शनी भाग बहुतेकदा त्याहून शहाणा असतो. खोल छज्जे, उभे फिन, जाळ्या. पश्चिमेचं ऊन ते आत येण्याआधीच अडवतात, काच ते आत आल्यावर एसीने बाहेर काढते. छज्जे दुरुस्त करा, झेड सेक्शनच्या लोखंडी खिडक्यांच्या जागी चांगल्या रबर-सीलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बसवा, पश्चिमेला दुहेरी काच घ्या. मालकाला चकाकी हवीच असेल तर ती लॉबीत द्या. एसीपीचे (दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये गाभा असलेले) पत्रे लावून सगळं झाकायचा हट्ट असेल, तर आतला गाभा आगीत न पेटणारा आहे याचा चाचणी अहवाल मागा. आणि पत्र्यामागे गळती सुरू झाली की ती कुणाला कधी दिसणार, तेही विचारा.

ठरलं ते आधी एकाच गाळ्यावर बसवा, खिडकी ते छज्जा, रंगासकट. त्यावर पाइपने पाणी मारा आणि एक पावसाळा जाऊ द्या.

१०. लोक आत असताना

इमारत क्वचितच पूर्ण रिकामी मिळते. जुने भाडेकरू, एखादी बँक, कोर्टात अडकलेला मजला. तोडफोड रात्री किंवा रविवारी, एका वेळी एक उभी रांग, खालून वर. संडासाची एक रांग बंद करण्याआधी दुसरी चालू असली पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी काम थांबेल आणि तेही योग्य कारणासाठी. डेब्रिज मजल्यावर साठवू नका. ढिगाऱ्याचं वजनही वहीत धरावं लागतं आणि ते नेमकं टेकू लावलेल्या स्लॅबवर येऊन बसतं.

काम संपताना कोअरच्या जागा, अ‍ॅनोडच्या जागा, बुजवलेले शाफ्ट, बदललेल्या लाइनी, सगळं एका संचात काढून द्या. सीलिंगमध्ये प्रत्येक संडासाच्या रांगेखाली एक उघडणारी फळी ठेवा. वजनाच्या वहीच्या तीन प्रती काढा. एक मालकाला, एक इंजिनिअरला, एक तळमजल्यावरच्या मेंटेनन्सच्या खोलीत, खिळ्याला टांगून. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कॉम्पॅक्टर कुठल्या मजल्यावर चालेल आणि कुठल्या नाही.